हळद, चुना आणि लिंबू : आंबट-खाराची जुनी गोष्ट



खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी भेटले, की बोलता बोलता एक तक्रार हमखास निघते. "शिकवायचं खरं, पण शाळेत प्रयोगशाळा कुठं आहे?" तक्रार खोटी नाही. पण या बाबतीत आपली गत थोडीशी काखेत कळसा नि गावाला वळसा अशी आहे. रसायनशास्त्रातला एक फार मोठा प्रश्न माणसाने सोडवला, तो हळद, चुना, लिंबू, राख आणि फुलांचा रस यांच्यासारख्याच साध्या वस्तू हाताशी धरून. आंबट म्हणजे काय, खार म्हणजे काय, आणि ही दोन एकत्र आली की एकमेकांचा जोर का मारतात, हा तो प्रश्न. त्याची गोष्ट आज सांगणार आहे. गोष्ट ऐकता ऐकता चार प्रयोगही करू. सामान सगळे घरचेच आहे.

पहिला प्रयोग हळदीचा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, शाई न फुटणाऱ्या साध्या पांढऱ्या कागदाला ती लावा आणि कागद सावलीत वाळू द्या. पिवळाधमक कागद तयार झाला. आता त्याच्या पट्ट्या कापा. एका पट्टीवर लिंबाचा रस टाका. काही होत नाही. दुसरीवर कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी टाका. पट्टी तांबडी होते. तिसरीवर खायच्या सोड्याचे पाणी टाका. रंग बदलतो, पण फिका, जेमतेम तांबूस. चौथीवर चुन्याचे पाणी टाका. पट्टी गडद तांबडी होते. आता या तांबड्या डागावर लिंबू पिळा. डाग पुन्हा पिवळा!

आपल्या आयाबायांना यात नवल वाटणार नाही. हळदीचा डाग पडलेल्या धोतराला साबण लावला की तो लाल होतो, हे कोणत्या घरात ठाऊक नाही? पूर्वी घरोघर कुंकू करीत, तेही हळदीला चुना किंवा टाकणखार देऊनच. 'पी हळद नि हो गोरी' अशी म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. पण हळद पिऊन माणूस गोरा होत नसला, तरी खार पिऊन हळद लाल होते, ती मात्र तत्काळ होते. हळदीतले हे रंगद्रव्य फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली वेगळे काढले. त्याला कुरकुमीन म्हणतात. त्याच्या रेणूची रचना उकलली ती थेट १९१० साली. म्हणजे आपल्या डब्यातल्या हळदीचे कोडे सुटायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

आता थोडे शब्दांविषयी बोलू, कारण विद्यार्थी अडतात ते पुष्कळदा तिथेच. आम्ल हा शब्द चवीवरून आला. आम्ल म्हणजे आंबट. इंग्रजी ॲसिड या शब्दाचे मूळही लॅटिनमधल्या आंबटपणातच आहे. अल्कली हा शब्द अरबी 'अल्-कली' वरून आला. वनस्पती जाळून केलेली राख असा त्याचा अर्थ. म्हणजे एका शब्दाचा जन्म जिभेवर झाला आणि दुसऱ्याचा चुलीत. 'क्षार' या शब्दाचा मात्र घोटाळा आहे. संस्कृत वैद्यकात क्षार म्हणजे दाहक खार, म्हणजेच अल्कली. हिंदी पाठ्यपुस्तकांत तो शब्द याच अर्थाने येतो. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र अल्कलीच्या सगळ्या कुळीला आम्लारी म्हणतात आणि आम्ल व आम्लारी मिळून जो तिसरा पदार्थ होतो त्याला क्षार म्हणतात, जसे आपले मीठ. शिक्षकांनी हा फरक वर्गात एकदा फळ्यावर लिहावा. पुढचा पुष्कळ गोंधळ टळेल.

शेकडो वर्षे आंबट ओळखण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे जीभ. लिंबू, चिंच, ताक, काकवीची आंब, द्राक्षांचा शिरका, एवढ्यांपुरती जीभ पुरत असे. पण मध्ययुगाच्या उत्तरार्धात किमयागारांच्या भट्ट्यांतून शोऱ्याचे तेजाब आणि गंधकाचे तेजाब निघू लागले, तेव्हा जिभेचे काम संपले. तेजाब चाखून बघणार कोण? जिभेशिवाय दुसरा साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार रॉबर्ट बॉइल या गृहस्थाने पुढे आणला. बॉइलचा जन्म १६२७ साली आयर्लंडमध्ये झाला. १६६४ साली त्याने रंगांवरच्या आपल्या प्रयोगांचे पुस्तक छापले. त्यात त्याने व्हायोलेट नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलांचा पाक वापरला आहे. त्या काळी हा पाक औषध म्हणून मिळत असे. त्यात आम्लाचा थेंब पडला की तो तांबडा होई आणि अल्कलीचा पडला की हिरवा. फुलांच्या रसाचे रंग पालटतात, हे रंगाऱ्यांना आणि औषध विकणाऱ्यांना बॉइलच्या आधीही माहीत होते. बॉइलचे मोठेपण असे, की त्याने ही गंमत उचलून तिची कसोटी केली. एखादा पदार्थ पाक तांबडा करतो की हिरवा, की काहीच करीत नाही, यावरून त्याची जात ठरवायची. चव, वास, ग्रंथातले वचन यांपैकी कशाचीही गरज उरली नाही. गरिबाच्या झोपडीतल्या माणसालाही राजाच्या वैद्याइतक्याच खात्रीने उत्तर मिळू लागले.

व्हायोलेटची फुले आपल्याकडे कुठली? पण जास्वंद आहे ना! हा दुसरा प्रयोग. तांबड्या जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करा आणि पाणी गाळून घ्या. दोन पेल्यांत ते थोडे थोडे ओता. एकात लिंबू पिळा. पाणी गडद गुलाबी होते. दुसऱ्यात चुन्याची निवळी घाला. पाणी हिरवे होते. बॉइलने पाहिले तेच तुम्ही पाहिले. शाळेत जो निळा नि तांबडा लिटमस कागद असतो, तोही याच जातीचा साक्षीदार. लिटमस दगडफुलाच्या वर्गातल्या सजीवांपासून काढतात. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याचे हे दूरचे भाऊबंद, एवढे मुलांना सांगितले की लिटमस परका वाटत नाही.

आता जरा मागे, आपल्याच देशात येऊ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार कसा पाकवावा याबद्दल आहे. सुश्रुताचा काळ नक्की कोणता, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यातली कृती वाचली की आजचा रसायनाचा विद्यार्थीही मान डोलावतो. विशिष्ट झाडे जाळून राख करायची. राख पाण्यात कालवून ते पाणी फडक्यातून एकवीस वेळा गाळायचे. मग ते आटवायचे, आणि त्यात चुनखडीचे खडे, शंख वगैरे लाल होईतो भाजून घालायचे. तयार झालेला क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा. क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकारही सांगितले आहेत. फोड, मूळव्याध, मस यांवर शस्त्राऐवजी हा क्षार लावीत. काम झाल्यावर त्या जागी कांजीसारखा आंबट पदार्थ लावून क्षाराचा दाह शमवायचा, असेही तिथे सांगितले आहे. पुढे ग्रंथकार स्वतःच शंका काढतो, की आम्लही तीक्ष्णच आहे, मग ते क्षाराचा दाह कसे शमवते? आणि उत्तर देतो, की आम्लाशी संयोग झाला की क्षार आपला तीक्ष्णपणा सोडून सौम्य होतो. आज आपण याला उदासिनीकरण म्हणतो.

या अध्यायावरून पुढे वाद झाला, आणि इतिहासाच्या शिक्षकांनी तो जरूर सांगावा. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड लिहिले, पहिला १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली. फ्रान्सचे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांना शंका होती, की इतकी नेटकी कृती मूळची नसावी, युरोपियनांशी संबंध आल्यावर ती कोणी तरी ग्रंथात घुसडली असावी. राय रागावले नाहीत, की अभिमानाची भाषणे देत बसले नाहीत. त्यांनी पुरावा काढला. वाग्भटाच्या ग्रंथात हाच क्षार आहे, आणि अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तालाही तो ठाऊक आहे. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. मग घुसडले कोणी आणि केव्हा? पूर्वजांचा मान राखायचा तो असा राखावा, कागदपत्र समोर ठेवून.

राखेच्या पाण्यात असते तरी काय, हा तिसरा प्रयोग. चुलीतली लाकडाची राख मूठभर घ्या, तांब्याभर पाण्यात ढवळा, रात्रभर निवू द्या. सकाळी वरचे नितळ पाणी हळदीच्या पट्टीवर टाका. पट्टी तांबडी होते. आपल्या आज्या राखेने भांडी घासत आणि तुपातेलाचा ओशटपणा जाई, त्याचे कारण हेच. या पाण्यात सौम्य अल्कली असते. त्यात चुना पडला की ती दाहक होते. सुश्रुताच्या कृतीतले मर्म एवढेच आहे.

पण चुन्याने अल्कली दाहक का होते? आणि क्षार झाकूनच का ठेवायचा? याचे उत्तर मिळाले ते स्कॉटलंडमध्ये, आणि तेही मुतखड्याच्या औषधाच्या निमित्ताने. मुतखडा विरघळवायला त्या काळी चुन्याची निवळी पाजत. चुना चुनखडीचा बरा की शिंपल्यांचा, यावर एडिंबरोच्या दोन प्राध्यापकांचे वाजले होते. जोसेफ ब्लॅक हा तरुण विद्यार्थी त्या भांडणात पडला नाही. त्याने तराजू हाती घेतला. त्याचा प्रबंध १७५४ साली पुरा झाला आणि १७५६ साली तो सविस्तर छापून निघाला. चुनखडी भाजली की चुन्याला दाहकपणा येतो तो विस्तवातून काही तरी आत शिरते म्हणून, असे तोवर सगळे मानत. ब्लॅकने वजन केले तर भाजलेला चुना हलका भरला! आत काही शिरले नव्हते, उलट बाहेर गेले होते. आजच्या हिशेबाने शंभर भार शुद्ध चुनखडी भाजली, की चव्वेचाळीस भार वायू उडून जातो आणि छप्पन्न भार कळीचा चुना उरतो. त्या वायूला ब्लॅकने 'बद्ध वायू' अशा अर्थाचे नाव दिले. आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. राखेच्या सौम्य अल्कलीत हाच वायू बांधलेला असतो. चुना तो काढून घेतो आणि मागे दाहक अल्कली उरते. उघडी ठेवली तर ती हवेतून तोच वायू पुन्हा ओढून घेते आणि सौम्य होते. म्हणून भांड्याचे तोंड बंद!

चौथा प्रयोग ब्लॅकचाच. हा शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन तो मोठ्या बाटलीभर पाण्यात कालवा आणि रात्रभर राहू द्या. वरची नितळ निवळी काचेच्या पेल्यात घ्या आणि स्वच्छ नळीने त्यात हलकेच फुंका. फुंकायचे, ओढायचे नाही! निवळी दुधाळ होते. आपल्या श्वासातला वायू चुन्याला भेटला आणि चुनखडीचे बारीक कण झाले. बराच वेळ फुंकत राहिलात तर निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. ते पाणी उकळले की पुन्हा गढूळ! विहिरीच्या जड पाण्याने तपेल्याला आतून पांढरा थर बसतो तो असाच.

यानंतरची गोष्ट भराभर सांगतो. फ्रान्सच्या लव्हाझिएला वाटले, की सगळ्या आम्लांचे बीज प्राणवायूत आहे. म्हणून त्याने त्या वायूला आम्ल उत्पन्न करणारा अशा अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला. पुढे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८०८ साली आपल्या साध्या चुन्यातून कॅल्शियम हा धातू काढून दाखवला, आणि १८१० साली सिद्ध केले, की मिठापासून काढलेल्या तेजाबात प्राणवायू मुळीच नाही, हायड्रोजन आणि क्लोरीन एवढेच आहेत. लव्हाझिएचा सिद्धान्त पडला, पण नाव राहिले. गंमत अशी, की हेच तेजाब तुमच्या-आमच्या जठरात असते. विल्यम प्राउट या डॉक्टरने ते १८२४ साली दाखवून दिले.

मग स्वीडनमध्ये स्वान्ते अऱ्हेनियस या विद्यार्थ्याने १८८४ साली आपल्या प्रबंधात सांगितले, की असे पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युत्भारित तुकडे होतात. परीक्षकांना ते पटेना. प्रबंध कसाबसा खालच्या श्रेणीत पास झाला. त्याच विचाराबद्दल १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्यांच्या उत्तरावर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी आम्हा मास्तर लोकांनी ही हकीकत एकदा आठवावी. शेवटी १९०९ साली कोपनहेगनमध्ये, बीअर गाळणाऱ्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, सोरेनसन याने आंबट-खार मोजायची पट्टी बनवली. मराठीत तिला सामू म्हणतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट, त्यावर खार. एकेका आकड्याला जोर दहापट बदलतो. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास, खायचा सोडा सव्वाआठच्या, चुन्याची निवळी बारा-साडेबाराच्या. सोड्याने हळद फिकी तांबूस झाली आणि चुन्याने गडद झाली, ती याचमुळे.

शेतकरी बंधूंना सामू हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावर दिसतो. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात मानवतो. साडेआठच्या वर गेला आणि मातीत सोडियमचा भरणा झाला, की ती जमीन चोपण. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव यांनी किती तरी जमीन खारवट आणि चोपण झाली. चोपण जमिनीला जिप्सम देतात, त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण निचरा केला नाही तर सुटलेला सोडियम जायचा कुठे? एक मात्र बजावतो, हळदीच्या पट्टीने मातीची परीक्षा करू नका. एवढा बारीक फरक तिला सांगता येत नाही. त्यासाठी माती परीक्षण केंद्रच हवे. खाराचा निसर्गातला थाट पाहायचा असेल, तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहा. उल्केच्या आघाताने झालेले हे विवर आणि त्यातले दहाच्या आसपास सामू असलेले पाणी जगाच्या अभ्यासाचा विषय झाले आहे.

या ज्ञानाचा एक उपयोग पोटापाण्याचा नाही, पण मोलाचा आहे. गावात एखादा भोंदू येतो, लिंबू कापतो आणि त्यातून 'रक्त' काढून दाखवतो. घरात करणी आहे म्हणतो, आणि भ्यालेली माऊली अंगावरचा दागिना काढून देते. सुरीच्या पात्याला जास्वंदीचा रस चोळून वाळवलेला असतो, एवढेच. हळदीच्या पाण्यात चुना टाकून केलेले 'रक्त' त्याच मासल्याचे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता. पण ज्या पोराने दुसरा प्रयोग स्वतः केला आहे, ते पोर लिंबू कापताच म्हणेल, "बाबा, जरा सुरी धुऊन कापा पाहू!" हातच्या काकणाला आरसा कशाला?

शेवटी एक कळकळीची सूचना. चुना घरगुती असला तरी गरीब नव्हे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाच्या हाती लागते, मूल ती दाबते आणि चुना डोळ्यात उडतो. असे कित्येक डोळे कायमचे गेले आहेत. चुना पोरांच्या हाताला लागू देऊ नका. डोळ्यात गेलाच, तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने धुवायला लागा, पापणी उलटून कण काढा, निदान अर्धा तास पाणी घालत राहा, आणि मग तडक दवाखाना गाठा. सुश्रुताने क्षारावर आंबट सांगितले आहे म्हणून डोळ्यात लिंबू पिळायचे नाही. तूप नाही, दूध नाही, फक्त पाणी आणि भरपूर पाणी. तसेच संडास धुण्याचे तेजाब आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

शिक्षक मित्रांनो, येत्या आठवड्यात मुलांना घरून दहा पदार्थ आणायला सांगा. ताक, चिंचेचे पाणी, कैरीचा रस, आवळ्याचा रस, पापडखार, राखेचे पाणी, साबण, मीठ, साखर, विहिरीचे पाणी. वहीवर तीन रकाने आखा, पदार्थ, हळदीची पट्टी, जास्वंदीचा रस. आधी अंदाज लिहायचा, मग प्रयोग करायचा. हळदीवर मीठही गप्प आणि लिंबूही गप्प, मग दोघांतला फरक कसा ओळखायचा? हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि उत्तर सांगू नका. ते जास्वंदीच्या पेल्यात आहे. ते त्यांचे त्यांनाच सापडू द्या.